बाबांच्या बाजूचं दार

बाबांना डायलिसिससाठी मी आणि आई कुरुंद्याहून नांदेडला आमच्या जुन्या अँबॅसिडरमधूनच न्यायचो. त्या गाडीने त्यांनी आयुष्यभर लग्नाची वऱ्हाडं आणि बाळंतिणी नेल्या होत्या. दुसऱ्या गाडीत बसायला ते तयार नसत. आता गाडी मी चालवायचे. शाळेतली नोकरी, दवाखाना, पुन्हा शाळा. नुसतं स्टिअरिंग धरलं तरी खांदे भरून यायचे.

एकदा वसमतच्या अलीकडे वळणावर त्यांच्या बाजूचं दार आपोआप उघडलं. मागे बसलेल्या आईने त्यांचा सदरा घट्ट पकडला म्हणून ते वाचले. तेव्हापासून दार दोरीने बांधायचो. दवाखान्याच्या दारात गाठ सोडेपर्यंत मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत राहायच्या आणि बाबा मान खाली घालून बसायचे.

गॅरेजवाल्याने गाडी भंगारात काढायला सांगितलं. मग एका रविवारी मी आणि आईनेच काम काढलं. बाबा पडवीत बाजेवर पडून बघत होते.

दार खाली लोंबलं होतं. मी बिजागरीचे बोल्ट ढिले केले, दाराखाली गोणपाट ठेवून जॅकने दार उचललं आणि बोल्ट आवळले. जॅक काढला तसं दार पुन्हा खाली बसलं. दोनदा केलं, दोनदा तेच.

"गुडघा लावून वर वाकव," बाबा म्हणाले. "मी तसंच करायचो."

"तुमी तसं करूनच वाकडं केलं न्हाई का?" आई म्हणाली.

बाबांनी तोंड पलीकडे फिरवलं. आईलाही मग वाईट वाटलं असावं. ती त्यांना पाणी द्यायला गेली.

बिजागरीतली पिन झिजून बारीक झाली होती. ती निघता निघेना. तेल सोडलं, हातोडी मारली. शेवटी मी खालीच बसले. आईने हातोडी घेतली.

"तू उठू नको. दार तेवढं धर."

तिच्या चार-पाच घावांत पिन सुटली. वसमतच्या लेथवाल्याकडून तशीच नवी पिन करून आणली. ती बसवल्यावर दार आता जास्तच वर गेलं आणि वरच्या कडेला घासू लागलं. पुन्हा बोल्ट ढिले, पुन्हा जॅक. संध्याकाळी दार लागलं, पण मागची कड बोटभर बाहेर राहिली.

"अजून एकदा करू," मी म्हणाले, पण पाना उचलवेना.

"राहू दे," आई म्हणाली. "लागून राहिलं ना? बस झालं."

दुसऱ्या दिवशी बाबांना बसवून मी दाराला हात लावला.

"थांब. मी लावतो."

बाबांच्या डाव्या हाताला सुया टोचून टोचून गाठी आल्या होत्या. त्यांनी उजवा हात आडवा नेऊन दार ओढलं. लागलं नाही. दम खाऊन त्यांनी पुन्हा ओढलं, आणि लागलं. फटीतून धूळ येत होती तरी काच खाली करून ते रस्ताभर बाहेर बघत होते.

परत येताना आईने विचारलं, "मागचे दारं कधी करायचे गं?"

"सुट्टीत बघू," मी म्हणाले. ती दारं अजून तशीच आहेत.