घरच्या चुका

आमची ही म्हणजे इंग्रजीची फौजदार. छापखाना माझा, पण हिच्या नजरेखालून गेल्याशिवाय इथून साधं पावतीपुस्तकही बाहेर पडत नाही. पट्टी धरून ही मजकूर खालून वर वाचते. वरून वाचलं की डोळे अर्थाच्या नादी लागतात आणि चुका निसटतात, असं हिचं म्हणणं. मी इंग्रजीत तोंड उघडलं रे उघडलं, की हिचा हात वर! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं एक वाक्य धड शेवटाला जाऊ दिलं असेल तर शपथ.

परवा सकाळी शिकवणीवाले सर तणतणत आले. त्यांच्याच कामावर छापखाना चालतो. आम्ही छापलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर आपटला.

"वहिनी, इंग्रजी वाक्प्रचारांच्या वाक्यांतल्या चुका ओळखा, असा प्रश्न होता. तुम्ही तर सगळी वाक्यं दुरुस्त करून ठेवलीत! पोरांनी आता ओळखायचं काय, माझं डोकं?"

ही ढिम्म. "वर लिहिलंय, चुका ओळखा. मी ओळखल्या. मग?"

मी कपाळावर हात मारला. सरांची मूळ फाइलसुद्धा हिने सुधारून टाकली होती.

"दुपारी परीक्षा आहे. चुका तुम्ही काढल्यात, आता तुम्हीच घाला," सर म्हणाले. "नाहीतर पुढचं सगळं काम दुसरीकडे." आणि तरातरा निघून गेले.

ही संगणकापुढे बसली. पण जाणूनबुजून चूक करायला हात धजेना. लिहायची, पुसायची. शेवटी डोळ्यांत पाणीच आलं.

"अहो, मला नाही जमत हो."

हिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. खुर्ची ओढून मी शेजारी बसलो.

"हात्तिच्या! पावसाचं वाक्य घे. इट आर रेनिंग कॅट अँड डॉग."

सवयीने हिचा हात वर गेला. मग हळूच खाली आला आणि टाइप करू लागला.

"पुढचं? गुपित फोडल्याचं."

"यस्टरडे ही इज स्पिल द बीन."

मग काय, मी सुटलोच! दुपारच्या आत नवे गठ्ठे बांधून तयार.

गठ्ठे न्यायला आलेल्या सरांनी उभ्या उभ्या वाचलं. "वा वहिनी, एकेक चूक अगदी अस्सल आहे!"

"माझ्या नाहीत त्या," ही तोऱ्यात म्हणाली. "यांच्या आहेत."

जेवायला बसल्यावर मी इंग्रजीत मीठ मागितलं. चुकलो असणारच, मी काय नवखा आहे? पण हिचा हात वर गेला नाही. मीठ तेवढं पुढे सरकवलं.