आठ शिलिंडरची करवली

माझ्या एकुलत्या एका भावाच्या लग्नाला मी गेले, पण लग्न काही मला दिसलं नाही.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचे मालक आणि माझा धाकटा दीर तुकाराम, दोघंही महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचे. दोघांच्याही गाड्या अमेरिकन, साहेब लोकांनी वापरून टाकलेल्या. मालकांचं इंजिन आठ शिलिंडरचं, दिराचं सहाचं. मला विचाराल तर दोन्ही सारखंच पेट्रोल प्यायची आणि सारखाच धूर ओकायची. पण घरात यावरून रोज वाद! पोराला ताप आला तरी त्याला कुठल्या इंजिनानं दवाखान्यात न्यायचं यावर आधी चर्चा. (तोवर पोराचा ताप उतरायचा.)

माझ्या भावाचं, बापूचं लग्न आष्ट्याला ठरलं. करवलीनं पाण्याचा कऱ्हा घेऊन नवरदेवाच्या मागं उभं राहायचं असतं, आणि बापूला बहीण मी एकटीच. चौथीत शाळेतून काढलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, लग्न ठरवलं तेव्हाही नाही. माहेरी मला मिळालेला मान हा एवढाच. मी महिनाभर तोऱ्यात होते.

माझ्या माहेराहून, साताऱ्याहून निघालो. बापू आणि मी मालकांच्या गाडीत, आई-वडील आणि माझी जाऊ दिराच्या. पेठनाक्यावर चहाला थांबलो आणि तिथंच घोळ झाला.

"दादा, नवरदेव माझ्या गाडीत बसंल," दीर म्हणाला. "तुझी लय हादरती. मुंडावळ्या तुटायच्या."

"माझी हादरती? आठ शिलिंडर हाय रं, आठ!"

"म्हणून तर हादरती."

"मग बघायचं का? इंजिन चालू करून भरलेलं भांडं बॉनेटवर ठिवू. ज्याचं सांडंल त्यो हारला."

भरलेलं भांडं सगळ्यांत फक्त माझ्याकडं होतं. मांडीवर!

"वयनी, कऱ्हा द्या जरा," दीर म्हणाला. आणि मी दिला! (आठच जिंकणार, असं मलाही वाटत होतं. नवऱ्याबरोबर राहून दुसरं काय होणार?)

दिराच्या गाडीवर कऱ्हा शहाण्यासारखा उभा राहिला. मग आमच्या गाडीवर ठेवला. मालक तेवढ्यावर गप्प बसले असते तर ठीक होतं, पण त्यांनी ताकद दाखवायला ॲक्सिलेटर दाबला! कऱ्हा थरथरत बॉनेटच्या कडेपर्यंत चालत गेला आणि खाली पडून फुटला. मातीचाच तो.

आईनं पदर तोंडाला लावला. जाऊ लगेच म्हणाली, "माझ्याजवळ तांब्या हाय की."

बापू उतरला आणि दिराच्या गाडीत जाऊन बसला. दिरानं गाडी काढली. मीही तिकडं जायला दार उघडलं, तोवर मालकांनी गाडी सोडली!

"आवं, मला उतरू द्या!"

"गप बस. त्येला मागं टाकतो आन् मग उतर."

इस्लामपूरच्या पुढं दिराला मागं टाकलं. दार माझ्या हातातच होतं. आष्टा आलं. हलगी वाजत होती, मांडव दिसला, मांडव गेला!

"आवं, मांडव गेला!"

"आता थांबलो तर म्हणंल, दादाची गाडी बंद पडली."

सांगलीच्या अलीकडे कृष्णेचा पूल दिसला तेव्हा त्यांनी छाती फुगवून विचारलं, "बघ, मागं दिसतोय का कुटं?"

"दिसंल कसा? त्यो आष्ट्यात उतरला. लगीन तितं हाय!"

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजी आपुन जिंकलो."

एवढ्यात इंजिन उकळलं. बॉनेटमधून वाफ आली. जरीकाठाचं लुगडं खोचून मी तेलाच्या डब्यानं नदीतून पाणी वाहिलं. आठ शिलिंडरची तहान काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

परत आलो तर अक्षता पडून गेल्या होत्या. बापूच्या मागं तांब्या घेऊन माझी जाऊ उभी होती. बापू मला म्हणाला, "आक्के, आजच्या दिवशी तरी..." पुढचं त्यानं गिळलं. ते अजून गिळलेलंच आहे.

"वयनी, सहा शिलिंडर येळंवर आलं बघा!" दीर हसत म्हणाला. मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

फोटोग्राफरच्या रिळात एकच फोटो उरला होता. मी पदर सावरून बापूजवळ निघाले, तर मालकांनी फोटोग्राफरच्या हाताला धरून त्याला गाडीकडं नेलं! दीरही गेला. भांडण विसरून दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले. इंजिन दिसायला हवं म्हणून बॉनेट उघडलं, पण त्याचा टेकू त्या धावपळीत कुठं तरी गळून पडला होता.

"ए, धर गं जरा," मालक म्हणाले.

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. मालक, दीर, आठ शिलिंडर, आणि बॉनेटच्या कडेला हिरव्या बांगड्यांचे दोन हात. नातवंडं विचारतात, "आजी, हे हात कुणाचे?"

मी सांगते, "हात कसले? टेकू हाय त्यो."