गंगेत सोडलेलं कारलं

आज शेजारी कुणीतरी तव्यावर तंबाखू भाजली आणि त्या खमंग, घशात खवखवणाऱ्या वासाने मला पस्तीस सालच्या पंचवटीत नेऊन बसवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची सून, अकलेने मात्र नऊची. सासूबाई आणि मी एकाच डबीतली मशेरी दातांना लावायचो. त्यांच्या गालात आतून फोड आला, तो तीन महिने बरा होईना. वैद्यबुवा म्हणाले, "मशेरी सोडा, नाहीतर जिवावर बेतेल."

सासूबाई मला घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेल्या. तिथे सोडलेली वस्तू जन्मात पुन्हा तोंडात घालायची नाही, असा रिवाज. "तूही सोड गं. घरात डबी राहिली तर माझा हात जाणारच." त्यांनी ओंजळीतल्या पाण्याबरोबर मशेरी सोडली. मीही ओंजळ भरली आणि मनातल्या मनात कारलं सोडलं. ते मला तसंही आवडत नसे. केवढी ती हुशारी!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर न्हाणीच्या चुलीमागे मी लपवलेली ती डबी सासूबाईंच्या हातात! डोळे मिटून त्या नुसता वास घेत होत्या. मला पाहताच त्यांनी झाकण लावलं आणि डबी माझ्याकडे दिली.

"झाकण घट्ट लावत जा बाई. वास माझ्यापर्यंत येतो."

त्यांचा फोड बरा झाला, दातही शेवटपर्यंत टिकले. माझी मशेरी सुटली ती दात पडल्यावर. कारलं मात्र मी अजून खाल्लेलं नाही. गंगेला दिलेला शब्द, मोडायचा कसा?