कासिरानच्या घरचं लग्न

पार्तिना बसच्या दारात उभी राहिली की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. जकार्ताहून वोनोगिरीला जाणाऱ्या या बसवर ती चौदा वर्षं कंडक्टर. लेबारानचा, म्हणजे ईदचा सण चार दिवसांवर आला, की शहरात बाक्सोचे, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या रश्शाचे गाडे ढकलणारे, सुतारकाम करणारे, दुसऱ्यांची पोरं सांभाळणारे सगळे गावाकडे पळत सुटतात. त्यातले निम्मे तिच्याच बसला नंबर लावायचे. का, तर तिच्या बसमधून काही हरवत नाही.

गाडी सुटली की तिचं भाषण ठरलेलं.

"तिकिटाचे फोटो कुणी कुणी टाकलेत? हात वर करा. वा, सगळेच हुशार. 'निघालो बरं का गावाला' असं जगाला सांगून मोकळे झालात. आता दाराची किल्लीही नेऊन द्या चोराला, बिचाऱ्याला कुलूप फोडायचा त्रास नको."

लोक हसायचे, पण मुकाट्याने फोटो पुसायचे. जेवणाच्या थांब्यावर फुकटचं नेट मिळतं म्हणून तिथे बसून बँकेत डोकावायचं नाही, परक्याची चार्जरची वायर लावायची नाही, डुलकी काढायची तर फोनला कुलूप लावून, हे ती दरडावून सांगायची. माझ्या बसमधल्या एकाही प्रवाशाचा फोन लुबाडला गेलेला नाही, असं छातीठोकपणे म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. फक्त एवढं सगळं शिकलीस कुठे, असं कुणी विचारलं की ती लगबगीने पाण्याच्या बाटल्या वाटायला घ्यायची.

त्या दिवशी सेमारांग मागे पडलं आणि गाड्यांच्या रांगेत बस अडकली. रोजा सुटायला वीस-पंचवीस मिनिटं होती. पार्तिना खजूर आणि गोड चहाचे पेले वाटत होती. तेवढ्यात बसमधले पाच-सहा फोन एकदम वाजले. सगळे गिरीसारी गावच्या लोकांचे.

"काय हो पाकदे," सुगेंग नावाचा सुतार शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "घरात लग्न काढलंत, सकाळपासून मांडीला मांडी लावून बसलोय, आणि आमंत्रण फोनवर पाठवता? तोंडाने सांगितलं असतं तर जास्त जेवलो असतो की काय मी?"

पाकदे म्हणजे मोठे काका. हे कासिरान, गाडीवर बाक्सो विकून तीस वर्षं जकार्तात काढलेले. ते गोंधळले. "कुणाचं लग्न? तीन मुलगे आहेत मला, एकाचंही ठरलेलं नाही."

पार्तिनाने हातातला चहा खाली ठेवला. "कुणीही ते उघडायचं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांचे अंगठे जागच्या जागी थांबले. "पाकदे, फोन द्या इकडे. सकाळपासून काय काय दाबलंत?"

"काही नाही दाबलं."

"पाकदे."

"पुतण्याकडून लग्नाची पत्रिका आली होती," कासिरान चाचरत म्हणाले. "उघडेना. म्हणून पुन्हा दाबली. फोन काहीबाही विचारत होता, सगळ्याला हो म्हटलं. आमंत्रण आहे, बाई. न बघता कसं ठेवणार? उद्या तो म्हणेल, काका शहरात जाऊन शेफारला."

यात त्यांचं काय चुकलं? गिरीसारीत आलेलं आमंत्रण न उघडणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं. लबाडांनी नेमकं तेच हेरलं होतं. पत्रिकेच्या नावाखाली फोनमध्ये घुसायचं, येणारे गुप्त आकडे वाचायचे आणि त्या माणसाचं नाव लावून पुढच्याला आमंत्रण धाडायचं.

पार्तिनाने त्या फोनचं नेट तोडलं, सिमकार्ड काढलं. कासिरानच्या बँक कार्डामागचा नंबर पाहून स्वतःच्या फोनवरून बँकेला गाठलं आणि खातं गोठवायला लावलं. पैसे जागेवर होते. कासिराननी सुस्कारा सोडला.

"एवढ्यात सुटलो म्हणू नका," ती म्हणाली. "तुमच्या नावाने सगळ्या गावाला आमंत्रण गेलंय. आत्ता सगळे रोजा सोडायच्या गडबडीत आहेत. बांग झाली, दोन घोट चहा पोटात गेला, की पहिला हात फोनकडे जाणार."

"मी लिहितो गावाच्या ग्रुपवर, उघडू नका म्हणून," सुगेंग म्हणाला.

"तुझं कोण ऐकणार? म्हणतील, सुगेंगला जळजळ झाली. पाकदे, गावातलं एकही लग्न तुम्ही चुकवलेलं नाही. तुमचं आमंत्रण नाकारायला तुमचाच आवाज लागेल. सुगेंगच्या फोनवरून त्या ग्रुपवर बोला. म्हणा, मी फसलो, ते उघडू नका."

कासिरानचा चेहरा दगडासारखा झाला. "ते नाही जमायचं."

"का?"

"गावच्या मशिदीच्या कमिटीवर आहे मी. गावी गेलो की पोरांची भांडणं माझ्याकडे येतात सोडवायला. आणि सणाच्या तोंडावर आख्ख्या गावाला सांगू, की म्हातारा गाढव निघाला? त्यापेक्षा इथेच उतरतो मी."

ते खरंच पिशवी ओढायला लागले. खिडकीबाहेर ऊन पिवळं पडलं होतं, पाच-सात मिनिटं उरली असतील. पार्तिनाला त्यांचा राग आला, आणि राग येता येताच कळलं की हा राग त्यांच्यावरचा नाही. ती समोरच्या सीटचा दांडा धरून उभी राहिली.

"दोन वर्षांपूर्वी मीही उघडली होती," ती म्हणाली. "अशीच पत्रिका, याच बसमध्ये, ड्युटीवर असताना. माझ्या नावाने ती सासऱ्यांना गेली. सुनेकडून आली म्हणून त्यांनी विश्वासाने उघडली. त्यांची बकऱ्या विकून आलेली सगळी पुंजी गेली. मी घरी कुणाला सांगितलं नाही. पैसे त्या पत्रिकेमुळेच गेले, हेही नाही. त्यांना वाटलं, आपणच म्हातारपणी काहीतरी वेड्यासारखं केलं. तेव्हापासून ते फोनला हात लावत नाहीत. बाजारातला हिशोबही नवऱ्याला करायला सांगतात. आणि मी इथे उभी राहून तुम्हाला शहाणपण शिकवते."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि नजर काढून घेतली.

कासिराननी पिशवी खाली ठेवली. सुगेंगपुढे हात केला. "कुठे दाबून बोलायचं, दाखव."

"मी कासिरान बोलतोय," ते म्हणाले. "माझ्या घरी कुणाचं लग्न नाही. मी फसलो. ते आमंत्रण उघडू नका, शेजाऱ्यांनाही सांगा. आणि ज्यांनी उघडलं असेल त्यांनी लाजू नका, आधी फोन बंद करा. मीही लाजत होतो."

बांग झाली. बसमध्ये खजूर तोंडात गेले, चहाचे भुरके ऐकू यायला लागले. सुगेंगच्या फोनवर गावातून एकेक उत्तर यायला लागलं: नाही उघडलं, नाही उघडलं. एकाने लिहिलं, पाकदे, मग आता एखाद्या मुलाचं तरी लग्न काढाच. कासिरान हसले आणि डोळे पुसले.

पार्तिनाने चहा घेतला नाही. बसमध्ये तिच्या सासरच्या वाडीतली तीन माणसं होती. ती घरी पोचायच्या आत बातमी पोचणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती दारापाशी पायरीवर बसली आणि नवऱ्याला फोन लावला.

"बापाकना दे," ती म्हणाली; सासऱ्यांना ती बापाकच म्हणायची. "तुझ्याशी नंतर बोलते. त्यांना सांग, सुनेचा फोन आहे."

बराच वेळ पलीकडे नुसती कुजबुज. मग सासऱ्यांचा श्वास ऐकू आला. तिने सगळं सांगितलं, एका दमात, न सजवता. क्षमा मागायची ती शेवटी मागितली.

पलीकडे फोन कानापासून बाजूला घेतल्याचा आवाज आला.

"म्हणजे माझं डोकं शाबूत होतं," म्हातारा म्हणाला. तिला नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या मुलाला.