टाचेवरचा काळा डाग

"हा बिब्ब्याचा डाग नाही, गुरुजी," परभणीचे डॉक्टर म्हणाले. हातातल्या रिपोर्टवर इंग्रजीत दोन शब्द होते: मॅलिग्नंट मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. मी प्राथमिक शाळेचा मास्तर. शब्द वाचता आले, अर्थ डॉक्टरांनी सांगितला. बाहेर बाकड्यावर माझी बायको कौसल्या उजवा पाय वर घेऊन बसली होती.

आमचं गाव पालमजवळ. त्याच्या दोन वर्षं आधी तुरीच्या रानात तिच्या टाचेत कापलेल्या तुरीचं टोकदार धसकट घुसलं होतं. तिनं त्यावर बिब्ब्याचा चटका दिला. आमच्याकडं सगळेच देतात. जखम भरली, पण काळा डाग राहिला. बिब्ब्याचा डाग लवकर जात नाही, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पुढं तो पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, मधून पाणी यायला लागलं. दुखत मात्र नव्हता. हे वाचून ज्यांना स्वतःच्या पायावरचा एखादा डाग आठवेल, त्यांना सांगतो, दुखत नाही म्हणून थांबू नका. आम्ही थांबलो.

डागाचा तुकडा काढून तपासायला औरंगाबादला पाठवला होता. ह्यालाच बायॉप्सी म्हणतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. मधेच बंद, एसटी जागेवर उभ्या. रिपोर्ट यायला वेळ लागला. तोवर रोज शाळेत पाढे घेताना माझं मन तिच्या टाचेपाशी.

रिपोर्ट घेऊन बाहेर आलो आणि तिला म्हणालो, साधी गाठ आहे, औरंगाबादला जाऊन काढून घेऊ. तिनं बरं म्हटलं आणि लुगड्यांची पिशवी भरली.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात टाचेचं मांस रुंद आणि खोल कापलं. मांडीची कातडी काढून तिथं लावली, म्हणजे स्किन ग्राफ्ट केलं. जांघेतल्या लिम्फ नोड, म्हणजे रस गाळणाऱ्या गाठी, त्याही काढल्या. आठवड्यानं मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की एका गाठीत त्या पेशी सापडल्या आहेत. मी तोंड धुतलं आणि हसत वॉर्डात गेलो.

पट्टी बदलायला एक तरुण डॉक्टरबाई येत. दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्यानं त्यांना विचारलं, "बाई, डाग टाचंत व्हता. मग जांघ कामून कापली?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"सांगा ह्यांच्याम्होरंच," कौसल्या म्हणाली. "कॅन्सर हाय ते मला पहिल्या दिवशीच कळलंय. ह्या वॉर्डात दुसरं काय असतंय? ह्यांनी सांगितलं न्हाई, म्हणून म्या इचारलं न्हाई."

बाई स्टूल ओढून बसल्या. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहितो. पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरून आलेला निरोप ती घेतात आणि आत पोचवतात: वाढ, किंवा थांब. आणखी काही प्रथिनं शेजारच्या पेशीला धरून ठेवतात. कॅन्सरमध्ये हे बिघडतं. रिसेप्टर निरोप नसतानाही वाढ म्हणत राहतात. शेजाऱ्याची पकड सुटते. सुटलेली पेशी रसाच्या वाटेनं जांघेपर्यंत जाते, आणि नव्या जागी धरून राहायला जे रिसेप्टर लागतात ते तिच्या अंगावर वाढतात.

कौसल्या शाळेत कधी गेली नाही. पण तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते निरोप बंद करायचं औषध हाय का?"

"आज नाही," बाई म्हणाल्या. "शोध चालू आहे. आज आमच्याकडं कापणं आहे, आणि नंतर नीट बघत राहणं."

"माघारी यील का?"

"येऊ शकतो."

"मग बघत राहू."

बाई गेल्यावर ती मला म्हणाली, "तुमी दिसभर हसायलाव ते लय अवघड जात व्हतं मला." मी तिथंच, बायकांच्या वॉर्डात, सगळ्यांदेखत रडलो. तिनं पदर पुढं केला.

घरी आल्यावर नवं काम सुरू झालं. लावलेल्या कातडीला काही कळत नाही. खडा रुतला तरी तिला पत्ता नसे. पालमच्या चांभारानं मऊ रबर घालून चप्पल करून दिली. जखम, नवा डाग किंवा गाठ नाही ना, म्हणून रोज सकाळी टाच, सगळा पाय आणि जांघ बघायची असे. तळवा तिला स्वतःला दिसेना, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. नवऱ्यानं पाय मांडीवर घ्यायचा हे तिला सहन होईना. पहिले काही दिवस ती दार लावून घ्यायची आणि भिंतीकडं बघत बसायची. हळूहळू दार उघडं राहू लागलं. मग ती पाय देता देता घरच्या गोष्टी बोलू लागली.

ह्याला सहा वर्षं झाली. तपासणी आधी तीन महिन्यांनी होती, मग सहा, आता वर्षानं. बरी झाली असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. त्या डॉक्टरबाई आता कुठं आहेत, माहीत नाही. खरं सांगायला त्या स्टूल ओढून बसल्या होत्या, एवढे उपकार मी विसरणार नाही.

परवा पाय बघून झाल्यावर कौसल्या म्हणाली, "आता तुमचा द्या." मी पाय मागं घेतला. तिनं तो ओढून मांडीवर ठेवला, माझाच चष्मा लावला आणि तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या सावकाश बघितल्या.

"काय न्हाई," ती म्हणाली. तरी बराच वेळ तिनं पाय सोडला नाही.