चौथी पट्टी

दोन हजार सहाच्या दिवाळीत गडमुडशिंगीला पहिला धक्का बसला तो असा, की मल्लव्वाचा गुरुसिद्ध आता कॅप्टन होणार. म्हणजे आजवर तो कॅप्टन नव्हता.

गाव तर त्याला नोकरीला लागल्यापासनं कॅप्टनच म्हणत होतं. एस.टी.तनं उतरला की पानपट्टीवरनं हाक यायची, "काय कॅप्टन, इमान कुठं लावलंसा?" तो हसून पुढं जायचा. शाळेच्या गॅदरिंगच्या पत्रिकेवरही त्याचं नाव तसंच छापलं होतं. त्यानं कधी दुरुस्त केलं नाही आणि कुणाच्या मनात विचारायचं आलं नाही. विमान चालवतो तो कॅप्टन, एवढं साधं होतं.

दिवाळीला आला तेव्हा दूध संस्थेच्या कट्ट्यावर त्यानं सहज सांगितलं, कंपनी मला कॅप्टन करालीय. पाडव्यानंतर हो म्हणून कळवायचंय.

"थांब," बाळासो म्हणाला. बाळासो तरुण मंडळाचा अध्यक्ष, गुरुसिद्धच्या वर्गातला, गावात कुणाचं काही चांगलं झालं की चौकात डिजिटल बोर्ड लावायचं काम त्याच्याकडं. "करालीय म्हंजे? मग आत्तापत्तुर काय हुतास?"

"को-पायलट."

"ते काय असतंय?"

"कॅप्टन डाव्या अंगाला बसतो, मी उजव्या. चालवतो दोघंबी. पर शेवटचा शब्द त्येचा."

"म्हंजे इतकी वर्सं तू क्लीनर साईडला बसालायस?"

कट्ट्यावर कुणी हसलं नाही. दूध ओतणाऱ्याचा हात मापावरच थांबला. मल्लव्वा कॅन घेऊन ओळीत उभी होती. तिनं कॅन खाली ठेवला आणि लेकाकडं बघत राहिली.

"मी गावभर सांगत फिरतो, माझा ल्योक इमान हाकतोय म्हणून."

"हाकतोय की अव्वा."

"दुसऱ्याच्या हाताखाली न्हवं?"

तिला समजावताना गुरुसिद्धला घाम फुटला. शेवटी त्यानं खांद्यावर बोटं ठेवून दाखवलं, आता इथं तीन सोनेरी पट्ट्या हायत, कॅप्टनला चार असतात. एकच पट्टी कमी हाय म्हटल्यावर म्हातारी जरा निवळली. बाळासोनं संध्याकाळच्या आत चौकात बोर्ड चढवला. कॉम्प्युटरवाल्यानं फोटोतल्या खांद्यावर चौथी पट्टी आधीच काढून दिली होती.

गुरुसिद्धचं घर पिढ्यान्‌पिढ्या दूधवाल्यांचं. गोठ्यातल्या म्हशी, उसाची थोडी रानं आणि सोमवारी लिंगाला बेल, एवढ्यावर चालणारं. गोकुळ शिरगावच्या कारखानदारीत जमीन गेली, तिच्या पैशावर बापानं त्याला विमान शिकायला घातलं आणि तो शिकून यायच्या आत देवाघरी गेला. गुरुसिद्ध लायसन घेऊन आला तर नोकरीच नाही. ते दिवस त्यानं गोठ्यात काढले. त्याच वेळी एक म्हैस वितानाच मेली. मागं राहिलेल्या रेडकाला त्यानं बाटलीनं दूध पाजून जगवलं. कपाळावर पांढरा चांद, म्हणून नाव चंद्री.

ही चंद्री पुढं सगळ्या गावात नावाजली. पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चांदीचे तोडे, डोक्यावर मोरपीस. मग मालकानं सायलेन्सर काढलेल्या गाडीवर बसून पुढं सुटायचं, आणि म्हशीनं हजार माणसांच्या गर्दीतनं, फटाक्यांच्या आवाजातनं, आपल्या मालकाच्या गाडीमागं पळायचं. दोरी लावायची नाही, काठी उचलायची नाही. म्हैस मालकाला किती मानते ते त्या एका धावेत कळतं. गुरुसिद्धनं यामाहावर बसून "चंद्रे" म्हणून हाक दिली की ती शेपूट उभारून सुटायची. मुंबईला नोकरी लागल्यावरही तो पाडव्याला हमखास यायचा. मधली दोन वर्षं तेवढी चुकली. कंपनीनं विमानं वाढवली होती, सुट्ट्या बंद केल्या होत्या.

त्या दोन वर्षांत घरात काय काय बदललं होतं, ते त्याला पाडव्याच्या दुपारी कळलं. त्याला आणि गावाला एकदमच.

चंद्री नटून चौकात उभी होती. वर बोर्डावर चार पट्ट्यांचा गुरुसिद्ध, खाली यामाहावर खरा गुरुसिद्ध. त्यानं गाडी तापवली. सगळ्या गल्लीच्या कानांना दडे बसायची वेळ आली. त्यानं हाक दिली आणि सुटला.

चंद्री जागची हलली नाही.

लोकांना वाटलं बुजली असेल. तो फिरून आला, तिच्या तोंडापुढं गाडी गरगर फिरवली, पुन्हा हाक दिली. तिनं कान हलवले. कपाळावरनं हात फिरवला तर मान बाजूला घेतली, अनोळखी माणसापासनं घेतात तशी. तिसऱ्यांदा हाक देताना त्याचा आवाज फाटला. गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, "कॅप्टन, टेकाफ करा की गाडी, म्हस उडत्या का बघा." त्यावर चार माणसं हसली आणि लगेच गप्प झाली, कारण त्याचं तोंड बघवत नव्हतं.

तेवढ्यात खालच्या अंगानं वर्षाराणी आली. गुरुसिद्धची बायको, माहेर कागलचं. लुनावर मागं दुधाचा रिकामा कॅन बांधलेला, पुढं पाय ठेवायच्या जागेत चार वर्षांची रक्षिता उभी. पाडवा असो नाहीतर काही, संस्थेत दूध घालायला लागतंच. ते घालून ती घराकडं निघाली होती. गर्दी दिसली म्हणून तिनं कडेकडेनं गाडी काढली.

चंद्रीनं मान वर केली. आणि सुटली.

माणसं दोन्हीकडं फाकली. तोडे वाजवत, शेपूट उभारून, ती बाई आणि ती लुना जिकडं जाईल तिकडं ते काळं धूड पळालं. वर्षाराणीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिच्या दृष्टीनं त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. रोज रानातनं घरी येताना चंद्री अशीच तिच्या लुनामागं यायची. ती घरी गेली, गाडी लावली, पोरीला उतरवलं, आणि मागं उभ्या असलेल्या चंद्रीला म्हणाली, "तुला कुणी सोडलं गं?"

इकडं चौकात हलगी वाजायची थांबली होती. बाईमागं म्हैस पळाली हे गावानं कधी बघितलं नव्हतं. गुरुसिद्ध यामाहावर तसाच बसून होता. गाडी केव्हा बंद पडली ते त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाच्या बांधावर जाऊन त्यानं मुंबईला फोन लावला. परत येऊन सोप्यात बसला आणि म्हणाला, "मी न्हाय म्हणून कळवलो. कॅप्टन हुईत न्हाय मी."

मल्लव्वा तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला.  पहिल्यांदा बोलली ती वर्षाराणी.

"का?"

"कॅप्टन झालो की बदलीवर गुवाहाटीला जायला लागतंय. नव्या कॅप्टनला रजा सगळ्यात शेवटी. को-पायलटात मी सगळ्यात जुना हाय, रजेचं मला पहिल्यांदा इचारत्यात. मुंबईत ऱ्हाईन, महिन्यातनं आठवडाभर घरात यीन. ती दोन वर्सं गेली तशी आता जायाची न्हाईत."

"मला इचारलासा?"

 त्याला वाटलं होतं ती रडेल, निदान हसेल.

"तुमच्यासाठीच केलो की."

"आमच्यासाठी केला म्हंता, आणि आमाला पत्ताच न्हाई. दोन वर्सं मी हितं एकटी रेटालो. ह्या अत्तींचं दुखणं, पोरीचा ताप, चंद्रीचं वेत. तुमी चार पट्ट्या लावून येनार म्हणून रेटालो. आता एका म्हशीनं तोंड फिरवलं तर तुमी नोकरीच फिरवला. म्हशीचा राग कंपनीवर काढलासा व्हय?"

"राग न्हाय गं." तो भिंतीकडं बघत म्हणाला. "भ्या वाटलं मला. ती माझ्याकडं बघत हुती न्हवं, कोण पावणं आलंय म्हणून बघावं तसं. तिला मी बाटलीनं पाजलोय. ती इसरली. म्हटलं, आनी चार वर्सं अशीच गेली तर रक्षी काय करंल?"

रक्षिता उंबऱ्यावर बसून फुसका फटाका सोलत होती. 

"तुमाच्या मागनं आलेली पोरं कॅप्टन हुतील," वर्षाराणी म्हणाली. "तुमाच्या डाव्या अंगाला बसून हुकूम सोडतील."

"सोडू देत."

"पगार?"

"हाय त्योच."

ती उठली. आत गेली. चुलीशी भांडी आपटल्याचा आवाज आला. मग दारात येऊन ती म्हणाली, "कळवलासा तर कळवलासा. आता मी न्हाय म्हणून काय हुनार हाय. पर आठवडाभर हितं बसून माझ्याकडं चा मागायचा न्हाय. हाय तवर चंद्रीची धार तुमी काढायची."

ही शिक्षा आहे की परवानगी, ते गुरुसिद्धला उमगलं नाही. त्यानं मान डोलावली.

पण चंद्री पान्हाच सोडेना. पहिल्या सकाळी तिनं बादली लाथाडली. दुसऱ्या सकाळी तो भिजवलेल्या पेंडीचं आंबोण घेऊन आला, मान खाजवली, लहानपणच्या सगळ्या हाका मारून झाल्या. तिनं सड चोरून धरले आणि शेवटी वर्षाराणीलाच बसावं लागलं. तिच्या हातात घटकेत बादली भरली. गावात बातमी तोवर सगळीकडं झालीच होती. कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय, कुणी म्हणे कंपनीनंच काढलं असणार. आपणहून कुणी कॅप्टनकी सोडतंय हे कुणाला पटत नव्हतं. मल्लव्वानं चौकातनं जायचंच बंद केलं, कारण वर बोर्ड होता.

तिसऱ्या सकाळी बाळासो दुधाचा तांब्या घेऊन आला. दूध हे निमित्त. बोर्ड उतरवायचा का ठेवायचा हे त्याला विचारायचं होतं, आणि दोन दिवस धीर होत नव्हता. गोठ्याच्या दारात मल्लव्वा उभी दिसली, पदराचं टोक तोंडात धरून. तिच्या खांद्यावरनं त्यानं आत बघितलं.

चंद्रीच्या कासेखाली गुरुसिद्ध बसला होता. अंगाभोवती वर्षाराणीचं जुनं हिरवं लुगडं, रोज धारेला नेसायची ते, शेणानं आणि दुधानं कडक झालेलं. पदर डोक्यावरनं घेतलेला. त्याखाली मुंबईची गुळगुळीत केलेली दाढी. चंद्रीनं वळून लुगडं हुंगलं, मग पदर हुंगला, मग त्याचं मनगट. पुन्हा पदर. हुंगता हुंगता तिनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि मागचे पाय जरा फाकले.

"शिव शिव," मल्लव्वा पुटपुटली. "इमानातला माणूस माझा."

बादलीच्या तळावर पहिली धार वाजली. मग दुसरी. बाळासो बोर्डाचं विचारायचं विसरूनच गेला. तांब्या हातात तिरका झाला होता, तेही त्याला कळलं नाही.

गव्हाणीपलीकडं वर्षाराणी कडबा तोडत होती. ती इतका वेळ बघत नसल्यासारखी बघत होती.

"अंगठा दुमडू नगा," ती म्हणाली. "दुखतंय तिला."

गुरुसिद्धनं अंगठा सरळ केला.