थिंफूचा पिवळा फडका

बाबा गेल्यावर आज पहिल्यांदा त्यांचं कपाट उघडलं, तर डांबरगोळ्यांच्या वासात तो पिवळा फडका मिळाला आणि थिंफूचं मैदान आठवलं. आई गेल्यापासून गप्प झालेल्या बाबांना मी हट्टाने भूतानला नेलं होतं. तिथे जड बाण हाताने फेकून दूरच्या फळीवर मारतात आणि समोरच्या संघातले नाचून खिजवतात. खेळणाऱ्यांनी बाबांनाही एक बाण दिला. समोरचा म्हातारा पोट पुढे काढून त्यांची नक्कल करू लागला. "नाचून काहून राहिला गा? थांब, दाखवतो तुले!" बाबा गरजले आणि बाण फळीत रुतला. नेम लागल्याचा मान म्हणून त्याच म्हाताऱ्याने हा फडका त्यांच्या कमरेला खोचला, आणि बाबा खो-खो हसत त्याच्यासोबत नाचले. परतल्यावर आमच्या हुडकेश्वरच्या घरात शिरतानाही तो त्यांच्या कमरेलाच होता. आज तो माझ्या कमरेला खोचून मी कपाट आवरायला घेतलं.